बिनआवाजाचा कॅमेरा

"परत? साहेब, तुम्हीच तर आणून दिलात. वर म्हणालात, 'घ्या एकदाची ही वीट, खांदा मोडला माझा.'"

दुकानदार खोटं बोलत नव्हता. श्वासरोख्यांना ते वाक्य आठवत होतं आणि ते बोलताना आपण हसलो होतो हेही आठवत होतं. चार महिन्यांपूर्वी याच काचेच्या काउंटरवर त्यांनी जुना कॅमेरा ठेवला होता आणि बदल्यात नवा, हलकाफुलका, बिनआरशाचा मिररलेस उचलला होता. आता तोच नवा कॅमेरा काउंटरवर ठेवून ते म्हणत होते, "हा ठेवून घ्या. वर काही देऊ नका. मला फक्त माझा जुना द्या."

"अहो, पण तो आहे कुठं? त्याचा सेन्सर एका गिऱ्हाइकाच्या कामी आला. उरलेली बॉडी मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे टाकली, सुट्या भागांसाठी."

"कधी?"

"झाले की पंधरा दिवस. एवढं काय होतं हो त्यात?"

श्वासरोख्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा. पाच वाजता वसतिगृहाची गाडी ताईला न्यायला येणार होती. त्यांनी नवा कॅमेरा पिशवीत कोंबला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

श्वासरोखे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. इस्पितळाच्या एक्सरे विभागात एकतीस वर्षं नोकरी झाली. दिवसाला साठ-सत्तर माणसं छाती टेकवून उभी राहायची आणि काचेपलीकडून हे सांगायचे, "श्वास घ्या. रोखा. रोखून धरा... सोडा." कुणीतरी चेष्टेत नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट ते अभिमानानं सांगायचे, "न सांगता मी कुणाची सावलीसुद्धा टिपत नाही."

रविवारी मात्र ते हौशी फोटोग्राफर असत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वजन असतं हे त्यांच्या उजव्या खांद्याला ठाऊक होतं. जुना कॅमेरा चौदा वर्षं त्या खांद्यावर होता. बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा, पडदा उघडायचा, मिटायचा आणि आरसा पुन्हा खाली पडायचा. या सगळ्याचा मिळून एक आवाज व्हायचा, खट्. क्लबातली मंडळी त्या आवाजाला हसायची. "श्वासरोखे, पक्षी उडाले बरं का तुमचे!" घरात मात्र त्या आवाजाचं एक माणूस होतं. ती त्यांची ताई.

ताई नऊ वर्षांनी मोठी. आठव्या वर्षी ताप डोळ्यांत उतरला आणि तिची दृष्टी गेली. आई गेली तेव्हा श्वासरोखे सहा वर्षांचे होते, वडील फिरतीच्या नोकरीवर. पंधरा वर्षांच्या आंधळ्या पोरीनं हाताच्या अंदाजानं धाकट्याला न्हाऊमाखू घातलं, बटणं लावली, गुडघे फुटले तर बोटांनी चाचपून औषध लावलं. पुढं ती एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर झाली. तिचं लग्न झालं नाही, कुणी मनावरच घेतलं नाही. भावाचं झालं, आणि त्याच्या घरात मागची खोली तिची झाली.

जुना कॅमेरा घरात आला त्याच दिवशी ताईनं कायदा केला होता.

"हे बघ बाळ्या, तू कुठं उभा आहेस ते मला दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं, 'काढू?' मी केस सारखे करीन, सरळ बसेन. खट् झालं की माझं काम संपलं. मग मी जीभ काढून दाखवीन, नाही तर नाक खाजवीन, तुला काय करायचंय?"

चौदा वर्षं हा कायदा चालला. 'काढू?' म्हटलं की ताईचा हात आधी केसांवर जाई, मग मांडीवर येई. खट्. आणि लगेच जीभ बाहेर. तिचा कान असा तिखट, की श्वासरोखे उभे आहेत की उकिडवे बसलेत, ते तिला खट् कुठून आलं यावरून कळे. एकदा म्हणाली, "आज आभाळ आलंय का रे?"

"तुला कसं कळलं?"

"खट् लांबलं ना. ख... ट्. उजेड कमी असला की तुझा कॅमेरा अडखळतो."

श्वासरोखे थक्क झाले होते. त्या दिवसापासून ते खिडकीत उभं राहून उगाचच एखादा फोटो काढत आणि ताई आतून ओरडे, "पडलं ऊन!"

मग खांदा धरायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलू नका. क्लबातल्या एकानं मिररलेस हातात दिला. पिसासारखा हलका. फोटो काढण्याआधीच कसा येणार ते आतल्या पडद्यावर दिसायचं. माणसाचा डोळा कॅमेरा आपणहून शोधायचा आणि त्याभोवती चौकट धरायचा. आणि आवाज? नावालाही नाही. "लग्नात, सभेत, देवळात, कुठंही काढा. कुणाला पत्तासुद्धा लागत नाही," दुकानदार म्हणाला होता. ते वाक्य श्वासरोख्यांना तेव्हा सोन्याहून पिवळं वाटलं होतं.

ताईला पहिल्याच दिवशी तो आवडला नाही. "काढलास?" "काढला." "कधी?" "आत्ताच." ती थोडा वेळ तशीच सरळ बसून राहिली. "मग मी जीभ कधी काढायची?"

सगळे हसले. श्वासरोखेही हसले. त्यात सुचवायचं ते तिनं सुचवलं होतं, पण नव्या कॅमेऱ्याच्या नादात कुणाच्या ध्यानात येतंय!

दीड महिन्यापूर्वीची दुपार. एक्सरेचं मशीन बंद पडलं म्हणून श्वासरोखे लवकर सुटले. बायको बाहेर गेली होती. दारात चपला काढल्या, तोच मागच्या खोलीतून ताईचं बोलणं ऐकू आलं. कोण आलंय म्हणून ते तिच्या दारापर्यंत गेले.

खोलीत कुणीच नव्हतं. ताई निवृत्त झाली तेव्हा ऑफिसनं तिचा टेलिफोनचा बोर्ड मोडीत काढून रेकॉर्ड केलेला आवाज बसवला होता आणि तिचा काळा फोन तिला आठवण म्हणून दिला होता. तो पलंगाजवळच्या स्टुलावर असे. हातभर वायर, तीही कापलेली. त्याचा रिसीव्हर कानाला लावून ताई बोलत होती.

"आज पाच मिनिटं उशीर केलात." मग ती थांबली, ऐकल्यासारखं केलं. "छे हो, मी काय तुमची वाट बघत बसते होय!" आणि ती हसली.

असं हसणं श्वासरोख्यांनी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. खिडकीतलं चारचं ऊन तिच्या गालावर होतं. हलका म्हणून कॅमेरा आता कामावरही गळ्यातच असे. हात आपोआप वर गेले. पडद्यावर चौकट उमटली आणि जाऊन नेमकी ताईच्या डोळ्यावर बसली. तो डोळा बघतो की नाही, याच्याशी चौकटीला काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. एक्केचाळीस फोटो.

आणि मग एकतीस वर्षं 'श्वास रोखा' सांगणाऱ्या या माणसानं काय करावं? पाऊल न वाजवता मागच्या मागं दारापर्यंत गेला, चपला पुन्हा पायांत घातल्या, पुन्हा काढल्या, आणि हाक मारली, "ताई, मी आलो गं!" आत रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे आपण चोरी केली हे त्यांना त्याच क्षणी माहीत होतं. पुढं कितीही सारवासारव केली तरी त्या चपला त्यांना विसरता आल्या नाहीत.

फोटो अप्रतिम होता, हे मात्र खरं. क्लबाच्या प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला. 'संवाद' असं त्याखाली लिहिलं होतं. ताईला सावकाश सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला आणि ताईच्या ऑफिसातल्या जुन्या टायपिस्टबाईंनी बायकोच्या मोबाइलवर फोन केला. "ताईंना द्या हो जरा. ताई, काय सुंदर फोटो आलाय तुमचा! त्या तुटक्या वायरच्या फोनवर बोलताय तो! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. कुणाशी बोलत होता हो?"

त्या संध्याकाळी ताईनं श्वासरोख्यांना समोर बसवलं.

"किती वेळ उभा होतास?"

"दोन... तीन मिनिटं असतील."

"काय काय ऐकलंस?"

"काही नाही गं. मी आपला फोटोच्या नादात—"

"खोटं बोलू नकोस. तू खोटं बोलताना लहानपणापासून नाकानं श्वास घेतोस."

श्वासरोख्यांनी एक श्वास तोंडानं घेतला. मग म्हणाले, "ताई, अगं लोकांना फार आवडला तो फोटो."

"काय आवडलं लोकांना? आंधळी म्हातारी मेलेल्या फोनवर लाडात येते, ते?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सोसवेना. "रोज चारला पलीकडच्या ऑफिसचा ऑपरेटर लाइन तपासायला फोन करायचा. एकोणीस वर्षं. लाइन कधी बिघडलेली नसायची. बस, एवढंच होतं. तेवढं एकच होतं माझं. एक दिवस त्यांच्या जागी दुसराच माणूस बोलला. मी विचारलंसुद्धा नाही, काय झालं म्हणून. कोणत्या नात्यानं विचारणार?"

"ताई, चुकलो मी."

"तुला अंगाखांद्यावर वाढवला बाळ्या. पण तुझ्यापुढं उघडी पडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तुझा जुना कॅमेरा धटिंगण होता, पण सांगून यायचा."

दुसऱ्या दिवशी श्वासरोख्यांनी प्रदर्शनाच्या भिंतीवरून फोटो उतरवला, बक्षीस परत केलं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुसून टाकले. ताईला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "ज्यांनी बघितला त्यांच्या डोळ्यांतून कसा पुसशील?"

त्यानंतर जे घरात सुरू झालं, ते श्वासरोख्यांना खाऊ लागलं. ताई आपल्या खोलीत शिरताना आधी दाराच्या चौकटीत हात फिरवून बघायची, कुणी उभं नाही ना. अंगण, मोरी, स्वयंपाकघर, सगळीकडे. रिकाम्या खोलीत अवचित विचारायची, "कोण आहे?" एकदा श्वासरोखे खुर्चीत पेपर वाचत होते. ताई जवळून गेली आणि दचकून म्हणाली, "आहेस होय? बोलत जा रे काहीतरी." तेव्हापासून ते घरात उगाच खाकरत, चमचे वाजवत, पाय घाशीत फिरायला लागले. बायको म्हणाली, "अहो, घरात आहात की गुरं हाकताय?" पण कशाचा उपयोग नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी ताईनंच वसतिगृहात फोन करून स्वतःची सोय लावली. अंध बायकांचं वसतिगृह.

"तिथं सगळ्या माझ्यासारख्याच," ती म्हणाली. "कोण कुणाला चोरून बघणार?"

आणि काल रात्रभर तळमळल्यावर श्वासरोख्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. जुना कॅमेरा परत आणायचा. नवा टाकून द्यायचा. ताईनं एकदा ते खट् ऐकलं की तिचा विश्वास बसेल, ती राहील. बायको सकाळी म्हणाली, "आवाज ऐकून राहायला ताई काय तान्ही आहे, खुळखुळा वाजवायला?" तरी ते निघाले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण बुडत्याला काडीचा आधार लागतो.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. एका डोळ्याला भिंग लावून तो एका लेन्सच्या आतली धूळ काढत होता. श्वासरोख्यांनी कॅमेऱ्याचं वर्णन केलं. पट्ट्यापाशी रंग उडालेला, खाली एक खोक पडलेली.

"तो? तो उघडलाय." त्यानं एक पत्र्याचा ट्रे पुढं सरकवला.

श्वासरोख्यांनी हजारो माणसांची हाडं बघितली होती, पण हा सांगाडा बघून त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे जवळ ओढला. स्क्रू एका वाटीत, वायरी एकीकडे, आणि मधोमध नखाएवढ्या बिजागरीवर तो लहानसा आरसा. त्यात त्यांना स्वतःचा एक डोळा दिसला.

"जोडून द्या."

"कशाला? सेन्सर नाही त्यात. आणि हा आरशाचा भाग मी दुसऱ्याला देऊ केलाय, संध्याकाळी येतोय तो."

"त्याला काहीही सांगा. हा नवा कॅमेरा घ्या हवा तर. पाया पडतो तुमच्या."

दुरुस्तीवाल्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. चोपन्न वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस खरोखरच वाकायच्या बेतात होता.

"अहो, फोटो येणार नाही त्यात. कितीही जोडला तरी."

"आवाज येईल?"

"आवाज?" तो चक्रावला. "आरसा उडेल, पडदा पडेल. आवाज काय, येईल."

"मग झालं तर."

साडेपाच तास लागले. श्वासरोखे जिन्याच्या पायरीवर बसून होते. दर स्क्रूला घड्याळ बघत होते. एक स्प्रिंग उडून कुठं तरी गेली तेव्हा चोपन्न वर्षांचा हा माणूस गुडघ्यांवर रांगत फरशीवर हात फिरवत राहिला, डोळे मिटून, कारण ताई हरवलेली सुई अशीच शोधायची. स्प्रिंग सापडली. अखेर दुरुस्तीवाल्यानं बटण दाबलं. खट्. श्वासरोख्यांनी खिशातलं पाकीट काढलं. दुरुस्तीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. "फोटो न काढणाऱ्या कॅमेऱ्याचे काय घेऊ?" म्हणाला.

घरी पोचले तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. ताईची बॅग दारात होती. बायको डोळे पुसत बॅगेला नावाची चिठ्ठी बांधत होती. ताई आपल्या पलंगावर हात मांडीवर घेऊन बसली होती.

श्वासरोखे तिच्या दारात उभे राहिले. पाय वाजवून, खाकरून. "ताई, मी. दारात आहे. काढू?"

 तिचा हात वर गेला, केसांवरून फिरला आणि मांडीवर आला. चौदा वर्षांची सवय.

खट्.

ताईचा चेहरा हलला. ओठांच्या कडा हसायच्या बेतात आल्या. जीभ काही बाहेर आली नाही. "आणलास?" ती म्हणाली. "त्याचाच आवाज. जरा खरखरतोय."

इथं गप्प बसता आलं असतं. तिला कुठं दिसत होतं? खोटंही बोलावं लागलं नसतं. पण त्या दिवशीच्या चपला श्वासरोख्यांना आठवल्या.

"ताई, याच्यात फोटो येत नाही. आतला भाग काढून घेतलाय. नुसता आवाज उरलाय याच्यात."

ताईनं हात पुढं केला. त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपला, रंग उडालेली जागा, खालची खोक. मग म्हणाली, "मला तरी कधी फोटो दिसला होता? माझ्या वाट्याला आवाजच यायचा."

"मग राहशील ना? ताई, राहा गं. तुझ्याशिवाय या घरात..."  ते खाली बसले आणि तिच्या गुडघ्याला डोकं टेकून लहान पोरासारखे रडले.

ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. टक्कल पडलेल्या जागेवर बोटं थांबली, पुन्हा फिरू लागली. "तू वाईट नाहीस रे. पण आता तू गप्प बसलास की मला भीती वाटते. आणि माणूस घरात किती बोलणार? कधीतरी गप्प बसणारच ना?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तुझा फोन?" बायकोनं विचारलं. "तो बॅगेत ठेवू का ताई?"

"राहू दे," ताई म्हणाली. "आता त्याच्यावर कुणी येत नाही." मग कॅमेऱ्याचा पट्टा तिनं स्वतःच्या गळ्यात घातला. "हा नेते."

गाडी म्हणजे जुनी व्हॅन होती. इंजिन चालूच होतं आणि सगळा पत्रा थडथडत होता. वसतिगृहाच्या बाईंनी ताईला खिडकीजवळ बसवलं. श्वासरोखे फाटकाशी उभे राहिले. काहीतरी बोलत राहायला हवं म्हणून ते बोलत होते. गोळ्या वेळेवर घे, रविवारी येतो, आल्यावर लांबूनच हाक मारीन.

"बाळ्या," ताई खिडकीतून म्हणाली, "तिथंच थांब. हलू नकोस." तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी वर उचलला, डोळ्याला लावला आणि त्यांच्या आवाजाच्या रोखानं धरला. "काढू?"

"काढ," श्वासरोखे म्हणाले. त्यांचा हात डोक्यावर गेला, उरलेसुरले केस त्यांनी सारखे केले आणि छाती भरून श्वास घेतला.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. इंजिन गरजलं. त्या आवाजात खट् झालं की नाही, ते त्यांना कळलं नाही. गाडी हलली, वळणापाशी गेली. खिडकीत कॅमेरा अजून वरच धरलेला दिसत होता. मग गाडी वळली.

"अहो, चला आत," बायको म्हणाली. "गेली गाडी."

श्वासरोखे हलले नाहीत. हात सरळ, मान सरळ, श्वास रोखलेला. खट् तर अजून ऐकू आलं नव्हतं.